पाण्यावरची ओ

स्वानंद मूळचा गुहागरचा, पण गळाला पिसांची खोटी माशी बांधून, उथळ समुद्रात उभं राहून बास मासा पकडायचा साहेबी खेळ तो शिकला कार्डिफच्या हॉस्पिटलात नोकरी लागल्यावर. गुरू म्हणजे नकुल, त्याच्या बायकोचा, ईराचा धाकटा भाऊ. जन्म कार्डिफचा, मराठी कामचलाऊ. "भरती चढायच्या आत त्याला बाहेर काढ. मासा दिसला की पोराला भान राहत नाही," निघताना ईराने बजावलं होतं.

२००६च्या ऑक्टोबरातली दुपार होती. पाणी चढू लागलं तसा स्वानंद चहा ओतायला किनाऱ्यावर आला.

"लास्ट कास्ट, दाजी! एक मोठी बास येतोय!" गुडघाभर पाण्यातून गळ फेकत नकुल ओरडला.

"एकच हं!"

थर्मासचं झाकण उघडेपर्यंत धुकं उतरलं. आधी नकुल दिसेनासा झाला, मग पाणी, मग स्वानंदला स्वतःचे बूटही दिसेनात. कुजक्या शेवाळाचा वास तेवढा दाटून आला.

"दाजी!"

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. ओ द्यायची, म्हणजे आवाजाच्या रोखाने पोरगा चालत आला असता. पण ओ ओठांपर्यंत येऊन अडकली. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला पाण्यावरून आलेल्या हाकेला तिसऱ्या खेपेशिवाय ओ देववत नाही; भूत म्हणे दोनदाच हाक मारतं. लोकांना भूल देणारा हा शहाणा डॉक्टर हाका मोजत गप्प उभा राहिला.

"दाजी... कुठे आहे तुम्ही?"

असलं मराठी कुठलं भूत बोलणार! स्वानंदला स्वतःचीच लाज वाटली. त्याने तोंड उघडलं.

"ओ! इकडे ये, नकुल."

आवाज त्याचाच होता. तोच किंचित नाकातला हेल, तीच घाई. पण तो आला होता पाण्यावरून, उजवीकडून, जिथे तळ एकदम खोल जात होता.

"आलो, दाजी!" नकुलला हायसं वाटल्याचं आवाजातच कळलं. डुबुक... डुबुक... पावलं उजवीकडे वळली.

"नकुल! तो मी नाही! इकडे ये, इकडे!" स्वानंद बोंबलत पाण्यात धावला. पाणी मांड्यांना लागलं, कमरेला लागलं. दिशा कळेना. पहिल्याच हाकेला ओ दिली असती तर! ईराला आता कुठल्या तोंडाने सामोरं जायचं? "नकुल, थांब! आहेस तिथेच थांब!"

पावलं थांबली. खरंच थांबली. स्वानंदच्या जिवात जीव आला.

"ओरडू नका ना, दाजी," धुक्यातून नकुल म्हणाला, अगदी शांतपणे. "थांबलो आहे मी. हात धरलाय ना तुम्ही माझा..."