अर्धे झिजलेले कार्बन

श्रावणातली झिमझिम चुकवत आरोही गेवराईच्या स्टँडमागच्या दुकानात शिरली, तेव्हा तिच्या ओढणीखाली आईचा मिक्सर होता. मोटारी, पंखे, मिक्सर दुरुस्त करणारं ते लहानसं दुकान. उमापूरच्या शाळेत आरोही विज्ञान शिकवायची. काउंटरमागच्या तरुणानं मिक्सर उघडला, वास घेतला आणि म्हणाला, "कार्बन गेलेत, मॅडम."

"कुठला कार्बन?" तिला हसू आलं. "हिरा का कोळसा?"

"ग्राफाइट. मोटारीला घासून करंट देतात त्या कांड्या. हिरा बसवला तर फिरायचाच न्हाई. त्याच्यातून करंट जात न्हाई ना."

"का जात नाही?" तिनं वर्गात विचारावं तसं विचारलं.

"ते आयटीआयत कुणी सांगितलंच न्हाई."

मग काय, बाईंना आयताच विद्यार्थी मिळाला! हिऱ्यातला प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरून बसतो, तिनं सांगितलं. एकही इलेक्ट्रॉन मोकळा राहत नाही, म्हणून विजेला वाट नाही. ग्राफाइटमधला अणू तिघांनाच धरतो. चौथा इलेक्ट्रॉन आपल्या थरात हिंडत राहतो. आणि ते थर एकमेकांवर नुसते टेकलेले... म्हणून घसरतात, झिजतात.

"म्हंजे मऊ हाय म्हणून कामाला येतो," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्यानं वर पाहिलं. गालावर ग्राफाइटची काळी रेघ होती. ती पुसावीशी वाटली, आणि आरोही स्वतःवरच चिडली.

समाधान त्याचं नाव, चकलांब्याचा. चिठ्ठीवर लिहायला तिनं आडनाव सांगितलं, तेव्हा त्याचा पेन जरा थांबला. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तिनंही पाहिला होता. तो बौद्ध, ती पाटलांची लेक. गाव काय म्हणेल, हे दोघांनाही सांगायला नको होतं.

महिन्याभरात मिक्सर पुन्हा बंद पडला. मग पुन्हा. "कसला गं तुझा मेकॅनिक?" आई, विजयमाला, करवादली. "दुसरा बघ."

आरोहीनं दुसरा बघितला नाही. दुसऱ्या खेपेलाच तिनं त्याची चोरी पकडली होती. गडी ड्रॉवरमधून दुसऱ्या कुणाचे तरी अर्धे झिजलेले कार्बन काढून बसवत होता, आणि त्याचे कान लालबुंद झाले होते! ती बोलली नाही. कारण टाळी एका हातानं वाजत नसते. घरी कुणी नसलं की तीही मिक्सर रिकामाच फिरवत बसायची, कार्बन लवकर झिजावेत म्हणून.

प्रत्येक खेपेला ती त्याच्यासाठी काहीतरी नवं आणायची. एकदा साठ अणूंच्या कार्बनचं चित्र आणलं, फुटबॉलसारखं गोल.

"आतून पोकळ?"

"पोकळ. एखादा परका अणू आत मावतो."

"आन् भाईरचे त्याला काई म्हणत न्हाईत?"

"नाही..."

"लई नशिबाचा हाय मग," समाधान म्हणाला. तिला मान वर करवेना.

कार्तिक सरता सरता घरच्यांनी तिचं लग्न ठरवून टाकलं. तिला कुणी विचारलंही नाही. शेवटची खेप भाऊ अमरसिंहसोबत झाली. तो बाहेर मोटारसायकल चालूच ठेवून बसला होता.

"ठरलंय माझं," ती हळूच म्हणाली. "पंधरा दिवसांनी."

 समाधाननं कपाटातून सीलबंद पाकीट काढलं, फाडलं. कोरे, लांब कार्बन. ते त्यानं बसवले. 

"किती टिकतील?"

"पाच-सा वर्सं. पुन्ना यायची गरज न्हाई."

"कावून बसवलेस?" तिची शाळेतली भाषा गळून पडली. "मी मिक्सर न घेता आले असते, समाधान! एकदा तरी विचारायचं होतंस..."

"म्या विचारलं असतं, तर तुमी हो म्हणला असता."

"मग?"

त्यानं बाहेर अमरसिंहकडे पाहिलं. "आपण जाऊ पळून, मॅडम. पण माझी माय गावातच ऱ्हाईल. तुमच्या घरचे आधी तिच्या दारात जातील."

बाहेर हॉर्न वाजला.

"हो म्हटलं असतं," आरोही म्हणाली. "अजून म्हणते."

त्यानं नुसती मान हलवली. नाही. डोळे भरलेले, तरी नाहीच. तिनं मिक्सर उचलला आणि भावाच्या मागं जाऊन बसली.