तोंडात मिश्री होती म्हणून

तो दुकानात शिरला तेव्हा संस्कृतीच्या तोंडात मिश्री होती. पुढचं सगळं त्या एका चिमटीमुळं घडलं.

तिसगावच्या बाजाराचा दिवस होता. बाहेर मेथी-कोथिंबिरीचा दरवळ, आत तिची शिलाई मशीन. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची अन् हिरड्यांवर घासत बसायचं, हे ती बाराव्या वर्षी आईकडून शिकली. दाढ दुखत होती म्हणून एकदा लावली, ती आता चोविसावं सरत आलं तरी सुटली नव्हती. दातांच्या कडा काळ्या पडलेल्या, म्हणून हसताना हात आपोआप तोंडावर जायचा.

आणि समोर हा उंच, सावळा तरुण... अंगात पांढरा कोट, बाही खांद्याशी उसवलेली.

"एवढ्या बाहीला टाके घालून देता का? शाळेत दातांचं शिबिर आहे, तिकडंच निघालोय."

थुंकायला जावं तर तो दारातच उभा. तिनं मान डोलावली. किती वेळ लागेल विचारल्यावर दोन बोटं दाखवली. तसा त्याचा चेहरा एकदम मऊ झाला, आणि तोही हातांनीच बोलायला लागला. जाताना हात जोडले, हवेत ब्रश फिरवला, शाळेकडं बोट केलं. गडी आपल्याला मुकी समजला, हे तिच्या ध्यानात आलं. हसू आवरेना, आणि हसायची तर सोय नव्हती.

दुपारी आईची, मनकर्णाबाईंची, दाढ दाखवायला ती शिबिरात गेली. नावं लिहायला तोच बसलेला. कानिफनाथ त्याचं नाव, राहुरीच्या डॉक्टर एस्तेर यांचा मदतनीस. त्यानं हातानं विचारलं, नाव काय?

"संस्कृती," ती म्हणाली. "अन् मी बोलते. लई बोलते."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मग सकाळी...?"

"तोंडात मिश्री हुती."

वाटलं होतं, हसेल. तो हसला नाही. आलाच आहात तर तुम्हीही तपासून घ्या, असं हळूच म्हणाला. आपले दात दगडासारखे आहेत, असं तिनं सांगून पाहिलं. तो म्हणाला, दातांचं नाही, गालाच्या आतलं बघायचंय.

बॅटरीच्या उजेडात डॉक्टरांना गालाच्या आत पांढरा डाग दिसला. मिश्री आजपासून बंद, महिन्यानं बघू, आणि डाग गेला नाही तर तुकडा तपासायला नगरला जावं लागेल. तो कशासाठी तपासायचा, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. गल्लीतल्या लंकाबाई तोंडाच्या कॅन्सरनंच गेल्या होत्या.

निघताना कानिफनं चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. "तल्लफ आली की फोन करा. एकटीनं सोसत बसू नका."

पहिल्या दिवशी तिनं अकरा फोन केले. डोकं ठणकत होतं, आईवर उगाच ओरडली होती. त्यानं एकदाही 'नंतर करतो' म्हटलं नाही. बडीशेप चावा, घोटभर पाणी प्या, आणि सांगा, आज काय शिवलं? मग ती ब्लाउजांच्या गळ्यांपासून गिऱ्हाइकांच्या भांडणांपर्यंत सगळं सांगायची, आणि तल्लफ बोलता बोलता निघून जायची. तिसऱ्या आठवड्यात त्यानं विचारलं, "अजून मिश्रीची आठवण येते?"

"मिश्रीची न्हाई..." ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

दोन वेळा ब्रश चालू होता. ठेचा गालात झोंबायचा थांबला, भाकरीला चव आली, सकाळी भूक लागायला लागली. लेकीचं बघून मनकर्णाबाईंनीही आपली डबी उकिरड्यावर भिरकावली.

महिना भरला, डॉक्टर पुन्हा शाळेत आल्या. खुर्चीचा हात घट्ट धरून तिनं तोंड उघडलं. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या, मग बॅटरी विझवून म्हणाल्या, "गेला. आता सहा महिन्यांनी दाखवा."

ती डॉक्टरांचे हात धरून रडलीच. मग कानिफकडं वळली. "तुमी म्हणाला नसता तर मी दाखवलंच नसतं. तुमचे उपकार मी जन्मात फेडायची न्हाई."

दुकानात परतली तर एवढ्या आनंदातही जीव खट्टू झाला. आता फोन कशाच्या निमित्तानं करायचा?

दिवे लागायच्या वेळेला तो दारात आला. बाही शाबूत होती.

"काय शिवायचंय?"

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. महिनाभर तिला बोलतं ठेवणाऱ्या माणसाला शब्द सापडेना. शेवटी स्वतःकडं बोट केलं, तिच्याकडं केलं... आणि उपरणं-शेल्याची गाठ मारावी तशी हवेतच गाठ मारली.

तिला सगळं कळलं, पण खोडी गेली नाही. "तुमच्या तोंडात मिश्री हाय का?"

तो हसला. "आईंना विचारायला येऊ का?"

"या. पर आदी मला विचारा."

त्यानं विचारलं. बारा वर्षं तोंडावर जाणारा हात मांडीवरच राहिला, आणि संस्कृती मोकळं हसून म्हणाली, "व्हय."