आंघोळीचं आवतण

बस रे कुंदन, बस खाली. शेतीची लाईट बाराशिवाय येत नाही, आणि तू त्या स्टार्टरकडं कितीही डोळे वटारलेस तरी ती लवकर येणार नाही. शुभे, तूही ये इकडं, ठेव तो मोबाईल. मघाशी विचारत होतात ना, करंजवाडीचा डोंगर कंपनीनं फोडायचा राहिला कसा? मोर्चानं राहिला. बायकांनी उन्हातान्हात बसून काढलेल्या दिवसांनी राहिला, त्यात काही खोट नाही. पण शेवटच्या रात्री डोंगर हातचा गेलाच होता, ते कुठल्या पेपरात आलं नाही. ते मला बहिरूनं सांगितलं. बहिरू माझा शाळेपासूनचा दोस्त. खोटं बोलायचं त्याच्या रक्तात नाही. आयुष्यात एकदाच बोलला, आणि त्याचीच ही गोष्ट.

आता मला हसू नका. मी काही भुतंखेतं मानणारा माणूस नाही. रात्रीच्या वेळी कसारा घाटातून एसटी काढणाऱ्याला भुतं मानून परवडत नाही. जे ऐकलं ते सांगतो, आणि शेवटी जे डोळ्यांनी पाहिलं तेही सांगतो. मग तुम्ही ठरवा.

तेवीस साल. मे महिन्याची अठरा तारीख, गुरुवार. रात्री पावणेदहाच्या सुमाराला वैशाखातली अमावास्या लागत होती. बहिरू जेवला, हात धुतले, पायात चपला सरकवल्या आणि बायकोला म्हणाला, "मैना, मोटार चालू करून येतो. टमाट्याला पाणी द्यायचंय."

"मोटार चालू करायला ट्रॅक्टर कशाला?"

"येताना गवत आणतो."

मैनावहिनींनी एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि भांडी घासायला घेतली. कधी खोटं न बोलणाऱ्याचं हे एक बरं असतं बघा, पहिलं खोटं सहज खपून जातं.

ओट्यावर खाटेवर रोहित पडला होता. बहिरूचा एकुलता एक. आयटीआय करून घरी बसलेला. पोरगं गुणाचं, पण कंपन्यांच्या दारात चपला झिजवून तोंड उतरलं होतं. तरी शिट्टी मात्र झकास वाजवायचा. आंघोळीला बसला की न्हाणीत नुसती मैफल! त्या रात्रीही पडल्यापडल्या वाजवत होता. आतून मैनावहिनी ओरडल्या, "रात्रीची शिट्टी वाजवू नको रे मुडद्या! अवस हाय आज." तो हसला आणि गप्प झाला. ते हसणं कानात घेऊनच बहिरू ट्रॅक्टरवर चढला.

तो गवताला चालला नव्हता, हे तुम्ही ओळखलंच असेल. तो चालला होता वीराच्या माळावर.

किल्ल्याच्या डोंगराखाली मोठी सपाटी आहे, तोच हा माळ. कोण्या काळी किल्ल्यासाठी लढाई झाली आणि गडी तिथं पडले. त्यांचे साधे उभे धोंडे आहेत, कोरीव काम नाही, काही नाही. नुसते बघितले तर शेताच्या बांधाचे दगड वाटतील. कोरलेला दगड एकच. कमरेएवढा, काळा. खाली लढाई, वर अप्सरा त्या गड्याला घेऊन चालल्यात, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. तो बहिरूच्या घराण्याचा वीर.

धुळवडीला नाशकात वीर नाचवतात, ते तुम्ही पाहिलंय. बहिरूच्या घरीही तसंच. वीराचा चांदीचा टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, माळावर नेऊन दगडाला टेकवायचा आणि म्हणायचं, "चला बाबा, आंघोळीला." मग हलगीच्या तालावर नाचत नदीच्या डोहावर जायचं. आता यातली मेख ऐका. वीराला हात घरच्यानंच लावायचा, दुसऱ्यानं नाही. आणि एकदा आंघोळीला म्हणून उठवला की आंघोळ घातल्याशिवाय त्याला परत बसवायचं नाही. वाटेत दुसरीकडं न्यायचं तर नावच नको.

अशा त्या डोंगरावर कंपनीची नजर गेली. दगडाची खाण काढायची, डोंगर फोडून खडी करायची. चाचणीचे सुरुंग उडाले आणि गावातल्या विहिरींना चिरा गेल्या. मग गाव उठलं. माळावर मांडव घातला, आणि त्यात सगळ्यांच्या पुढं कोण? बहिरूचीच बायको, मैनावहिनी. "आमच्या मढ्यावरून मशीन न्या," असं तिनं कंपनीच्या साहेबाला तोंडावर सांगितलं होतं. शेवटी पुरातत्त्वखात्याचे लोक शुक्रवारी सकाळी पाहणीला येणार असं ठरलं. कोरीव दगड जागेवर दिसला तर माळ राखायचा. नाही दिसला तर पडीक जमीन, खाणीला वाट मोकळी.

कंपनीनं गावातलाच एक गडी हाताशी धरला होता, धनराज. तो बुधवारी बहिरूच्या शेतात आला. गोड बोलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

"मामा, देव फोडतंय का कोणी? गावात संगमरवरी देऊळ बांधून देतो. ऊनपावसात पडलाय बिचारा, छपराखाली येईल. उद्या रात्री फक्त तिठ्यापर्यंत आणा. दुसऱ्या कोणी हात लावलेला चालत नाय म्हणून तुमच्या पाया पडतो. सोमवारी रोहित कामावर. पर्मनंट."

बहिरू रात्रभर झोपला नाही. एकीकडं वीर, गाव, उन्हात बसलेली बायको. दुसरीकडं पोटचं पोर. शेवटी पोर जड झालं. त्याला नावं ठेवू नका, तुम्हाला पोरं झाली की कळेल.

माळावर कोणी नव्हतं. अमावास्या म्हणून बायकांनी मांडव सोडून घरं गाठली होती. बहिरूनं ट्रॅक्टर दगडाशी लावला. सोबत पहार आणली होती, दोर आणले होते, चढवायला फळ्या आणल्या होत्या. दगड निघायला निम्मी रात्र जाईल असा त्याचा हिशोब. त्यानं हात जोडले. काहीतरी म्हणायला पाहिजे. काय म्हणणार? तुला घालवायला आलोय असं तोंडातून निघेना. मग सवयीनं जे दरसाल निघायचं तेच निघालं.

"चला बाबा, आंघोळीला."

आणि दगडाला मिठी मारून त्यानं नुसता हलवून पाहिला.

दगड वर आला.

पहार नाही, दोर नाही. झेंडूचं भरलेलं क्रेट उचलावं तसा तो हातात आला. बहिरूला आनंद व्हायला पाहिजे होता. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण आता मागं कसं फिरणार? त्यानं दगड ट्रॉलीत निजवला, मागची फळी लावली आणि ट्रॅक्टर चालू केला.

थोडं पुढं आला आणि मागून आवाज सुरू झाला. टिंग... टिंग टिंग. फळीची साखळी वाजत असेल. त्यानं ट्रॅक्टर थांबवला. आवाज थांबला. उतरून साखळी घट्ट केली. दगड होता तिथंच होता. परत निघाला.

टिंग... टिंग टिंग... तडाड.

साखळी अशी वाजत नाही. हलगी वाजते अशी.

त्यानं वेग वाढवला. ट्रॅक्टर वाढेना. उताराचा रस्ता, ट्रॉलीत एक दगड, आणि इंजिन असं घुमत होतं की जणू कांदा गच्च भरलाय. ट्रॉलीखालचे स्प्रिंगचे पाटे ओझ्यानं दबून करकरत होते. बहिरूनं मागं पाहिलं नाही. वीर नेताना मागं पाहायचं नसतं. त्या रात्री तो नियम त्याला फार बरा वाटला.

मग अगदी कानाशी कोणीतरी विचारलं.

"आलं का पाणी?"

बहिरूचे हात स्टेअरिंगवर, डोळे रस्त्यावर.

"आलं का रे... पाणी?"

तिठ्यावर उजेड दिसला. धनराजची मोटारसायकल. बहिरूला त्या माणसाला पाहून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. डावीकडं गाव, उजवीकडं डोह, मधे धनराज उभा. तो दिव्यांच्या उजेडातूनच बोलला, "देवळाचं नंतर बघू मामा. आधी त्या कोरड्या विहिरीत टाकून देऊ. सकाळी कोणाच्या नजरेला नको."

"विहिरीत? तू तर देऊळ..."

पण धनराजचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. तो ट्रॉलीकडं बघत होता. कपाळाला आठी.

"मामा, तुम्हाला एकट्याला या म्हटलं होतं. एवढी माणसं कशाला आणली?"



धनराज मोबाईलचा उजेड पाडत मागं गेला. "ओ... कुठले तुम्ही? उतरा खाली. उतरा म्हणतो ना..."

मग काही नाही.

मोबाईल रस्त्यावर पडल्याचा आवाज. मग धनराज पळताना दिसला. मोटारसायकल तशीच चालू, आणि हा शेतातून, काट्याकुट्यातून, एक चप्पल टाकून. ओरडला सुद्धा नाही.

बहिरूनं स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं.

डोहावर मे महिन्यात काय असणार? तळ उघडा, चिखल वाळून भेगा पडलेल्या. थेंब नाही. बहिरू काठावर उतरला. ट्रॉलीकडं पाठ करूनच उभा राहिला. जवळ प्यायच्या पाण्याची बाटली होती, ती हात मागं करून दगडावर ओतली. तेवढ्यानं काय होतंय? मागं सगळं गप्प. माणसं वाट बघत असतात तसं गप्प.

मग त्याचा बांध फुटला. "चुकलो बाबा! खोटं बोललो. तुम्हाला घालवायला आलो होतो. मला काय नको होतं हो... पोरासाठी केलं. माझ्या रोहितसाठी!"

अरे, अवसेच्या रात्री, उघड्यावर, अशा ठिकाणी पोराचं नाव घेऊ नये, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यालाही माहीत होतं. पण बोलून गेला.

ट्रॉलीचे पाटे सैल झाले. एकदा. परत एकदा. परत... कोणीतरी उतरत होतं. पुष्कळजण. अनवाणी पाय वाळल्या चिखलावरून गेले. त्याच्या दोन्ही बाजूंनी गेले. त्यानं डोळे गच्च मिटले.

आणि कोरड्या डोहात पाणी वाजलं.

धपाक... धपाक. चुळा भरल्याचा आवाज. हसणं. धुळवडीला गडी आंघोळ करतात ना, अगदी तसं. बहिरू रडत होता, पण मनात म्हणत होता, झालं, सुटलो, घेतली बाबांनी आंघोळ.

तेवढ्यात त्या पाण्यातून शिट्टी आली.

ओळखीची. रोजची. न्हाणीतली.

"रोहित?"

शिट्टी थांबली. पाणी थांबलं. पाय परत आले. पाटे दबले.

माळापर्यंत तो कसा गेला ते त्याला आठवत नाही. दगड गार होता, निथळत होता. खड्ड्याशी नेताच आपल्या जागी सरकून बसला. बहिरू तिथं टेकला नाही की हात जोडले नाहीत. ट्रॅक्टर भरधाव घराकडं.

ओट्यावर दिवा लागलेला. मैनावहिनी टॉवेल घेऊन खाटेशी उभ्या.

"बघा हो ह्याचं! एवढ्या रात्री आंघोळ करायची काय हौस? किती हलवलं, उठत नाय."

रोहित खाटेवर गाढ झोपला होता. केसांतून पाणी टपकत होतं, गोधडी चिंब. आणि पाय... घोट्यापर्यंत काळा चिखल. डोहाचा. बहिरूनं छातीला कान लावला. चालू होतं. मग त्यानं बायकोला सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. ती पोराचं डोकं पुसत राहिली, पुसत राहिली. केस काही केल्या कोरडे होईनात.

उजाडल्यावर रोहित उठला, चहा मागितला. स्वप्नात मस्त पोहत होतो म्हणाला.

सकाळी पुरातत्त्वखात्याचे साहेब आले. दगड जागेवर, ओला, खाली माती भिजलेली. "दगडाला पाणी घालत जाऊ नका, कोरीव काम झिजतं," असं गावाला दटावून गेले. पण रिपोर्ट चांगला गेला. कंपनीनं गाशा गुंडाळला. धनराज गाव सोडून गेला, तो मोटारसायकल न्यायलाही आला नाही. गावात पेढे वाटले. मैनावहिनींनी पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही.

रोहित ठीक आहे म्हणा. पंचवटीत दुकानात कामाला लागला, यंदा लग्नही झालं. एकच झालं, त्याची शिट्टी गेली. ओठ बरोबर करतो, फुंकर येते, आवाज नाही. डॉक्टर म्हणतात घशाला काही नाही. आणि डोहाकडच्या शेतात अवसेला रात्रीचं पाणी द्यायला करंजवाडीतला एक माणूस जात नाही. कोणी विचारलं तर लाईट नसते म्हणतात.

मैनावहिनी जाते. रात्री नाही, दिवस मावळायच्या आत. दर अवसेला रोहितचा धुतलेला टॉवेल घेऊन जाते, डोहाच्या काठावर दगडाखाली ठेवते आणि घरी येते. सकाळी परत आणायला जाते. मागच्या वैशाखात मी तिच्याबरोबर गेलो होतो, मुद्दाम, बघायला. डोहाला भेगा पडल्या होत्या. दव नव्हतं. तिनं टॉवेल उचलला आणि माझ्यासमोर पिळला, तशी पाण्याची धार खालच्या भेगांत गेली.