फेरकौल

सोनखारच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी "माहीत नाही" असं सांगितलं, की पेशंट निमूटपणे उठून शेजारच्या खोलीत जात असे. तिथे संदेश गुरव एका पांढऱ्या यंत्रासमोर बसलेले असत. वय सदुसष्ट, कपाळाला गंध, गळ्यात सरकारी ओळखपत्र.

'माहीत नाही' हे दोन शब्द डॉक्टरांच्या तोंडी बसवायला शासनाला तीन वर्षं आणि अकरा कार्यशाळा लागल्या होत्या. पहिल्या सात कार्यशाळांत सगळ्यांना सगळं माहीत होतं. शेवटी कायदाच करावा लागला. जगभरातलं सगळं संशोधन तराजूत टाकूनही दोन उपचारांची पारडी सारखीच राहिली, तर त्यांतला एक निवडायचा अधिकार डॉक्टरांना नाही. यंत्र सोडत काढेल, उजवा उपचार की डावा. पेशंटचं पुढे काय झालं ते साठ दिवसांनी त्याच तराजूत पडेल. आणि ज्या दिवशी पारडं झुकेल, त्याच्या दुसऱ्या सकाळपासून सोडत बंद, सगळ्यांना सरस उपचार. पूर्वी संशोधनातून जे कळे ते गावच्या दवाखान्यात पोचायला पंधरा-वीस वर्षं लागत. आता एक रात्र लागत होती. अट एवढीच की कुणालातरी आधी डावं किंवा उजवं व्हावं लागे.

यंत्राचं सरकारी नाव होतं 'समतोल सोडत प्रणाली'. सोनखारनं पहिल्याच दिवशी त्याला कौल म्हणायला सुरुवात केली. देवळात देवीच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे गावाला हजार वर्षं ठाऊक होतं. फक्त यंत्राचं बटण दाबायला परगावची नर्स बसली, तेव्हा गावानं औषध घ्यायचं थांबवलं. मग आरोग्य खात्यानं देवळातल्या गुरवालाच 'कौलसेवक' नेमलं. लोक आले. अहवालात याला 'लोकसहभाग' असं म्हटलं गेलं.

आणि एका मंगळवारी जिल्ह्याच्या पुरावा अधिकारी डॉ. यास्मिन तांबोळी चौकशीला आल्या.

"गुरवकाका, गेल्या पावसाळ्यात या खोलीतली वीज दोनशे अकरा वेळा गेली," त्या कागद बघत म्हणाल्या.

"कोकणात वीज जाताच, मॅडम."

"शेजारी लशींचा फ्रीज आहे. त्याची एकदाही गेली नाही."

संदेशनी फ्रीजकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी राहून त्यानं चुगली केली होती.

मामला असा होता. यंत्राला एक दुसरं बटण होतं, 'फेरकौल'. सोडत चालू असताना वीज गेली तर पुन्हा काढायला; ते दाबलं की 'वीज गेली' अशी नोंद आपोआप होई. खाडीकाठच्या गावांत दहा वर्षांपूर्वी एक नवाच ताप शिरला होता, खाडीताप. माणूस त्यातून उठे, पण पाचातल्या एकाचा कान जाई. त्यावर दोन उपचार होते. उजवा म्हणजे पाच दिवस सलाईनमधून औषध, डावा म्हणजे दोन दिवस सलाईन आणि मग गोळ्या. कान कशानं वाचतो, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

"फेरकौल कोणासाठी दाबत होतात?"

"म्हातारी माणसा. ताप अंगावर काढून इलेली. रडत येतत, मॅडम. तेंका डावो पडलो तर माझ्यान बघवत नाय. उजवो म्हणजे देवीचो होकार. तो पडापर्यंत दाबतंय."

"आणि तरणी पोरं?"

"तेंका पडलो तो पडलो."

तांबोळी मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्या मूळच्या सोलापूरच्या. खाडी त्यांनी नोकरीतच पाहिली होती, पण गेल्या वर्षी होड्यांची शर्यत मात्र बघितली होती.

"काका, समजा शर्यतीत एका होडीत तुम्ही गावचे सगळे म्हातारे बसवलेत आणि दुसरीत सगळे तरणे. म्हाताऱ्यांची मागं राहिली. दोष कुणाचा?"

"म्हाताऱ्यांचो."

"आमच्या तराजूला म्हातारे दिसत नाहीत. त्याला फक्त होडी दिसते. आमचा सगळा हिशेब एकाच गोष्टीवर उभा आहे, दोन्ही होड्यांत माणसं आंधळेपणानं बसली पाहिजेत. तुम्ही नाजूक माणसं निवडून उजवीकडे घातलीत, त्यांचे कान तसेही जास्त जाणार होते. आता तराजू सांगू लागलाय की उजवा उपचार वाईट. येत्या सोमवारपर्यंत पारडं पुरतं झुकून तो सगळ्या किनारपट्टीवर बंद झाला असता."

"आणि तो चांगलो असलो तर?"

"तर तुमच्या दयेनं तो बुडवला असता."

संदेश यंत्राकडे बघत राहिले. देवळातही ते हेच करत आले होते. कुणाच्या लग्नाचा, कुणाच्या विहिरीचा प्रश्न असला, की कळीला पाणी थोडं कमी लावायचं, एवढंच. त्यानं आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं. निदान कुणी मोजलं नव्हतं.

"मगे आता?"

"सोनखारच्या तीनशे चाळीस नोंदी मी काढून टाकल्या. पारडी पुन्हा सारखी झाली. पाच वाजता मुख्यालयातून फेरकौलच्या बटणाला कुलूप पडेल."

सव्वातीनला स्वप्नालीकाकींना रिक्षातून आणलं.

स्वप्नाली म्हणजे संदेशांची बायको आणि सोनखारची वृत्तसेवा. व्हरांड्यात तांदूळ निवडत बसली की खालच्या वाडीत कोण कुणाशी काय बोललं ते तिला वरच्या वाडीत ऐकू येई. डॉक्टरांनी तपासलं, खाडीताप असल्याचं सांगितलं आणि कायद्यानुसार म्हणाले, "माहीत नाही."

"तुका हे दोन शब्द शिकाक किती वर्षा लागली रे?" काकींनी तापातही विचारलं.

तांबोळी मॅडम पुढे झाल्या. "काका, तुम्ही राहू द्या. बटण मी दाबते."

"नको गो बाय," खाटेवरून आवाज आला. "माझो कौल माझ्या घोवान लावूचो. तुका गाऱ्हाणा येता?"

देवीला घालायचं ते गाऱ्हाणं मॅडमना येत नव्हतं.

संदेशनी आधी त्यांनाच विचारलं. "मॅडम, खरा सांगा. उजवो चांगलो असा ना?"

"माहीत नाही."

"तुमच्या मनात काय येता?"

"माझ्या मनात रोज वेगळं येतं. म्हणून तर यंत्र बसवलं."

"तुमची आवस असती तर? तुमची आई?"

मॅडमनी हातातले कागद मिटले. मग म्हणाल्या, "तर मी खोलीबाहेर उभी राहिले असते."

संदेशनी हात जोडले. "बा देवी म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकराचा गाऱ्हाणा तुझ्या पायाशी घातलंय. चुकला माकला पदरात घे, आणि जां खरा असात तांच दाखव."

"व्हय म्हाराजा," स्वप्नाली म्हणाली.

बटण दाबलं. डावा.

खोलीत फक्त फ्रीजची घरघर होती. संदेशांचं बोट फेरकौलवर जाऊन थांबलं. घड्याळात साडेतीन वाजले होते; कुलपाला दीड तास होता. तांबोळी मॅडम खिडकीतून बाहेर माड बघत होत्या.

"काय पडला ओ?" स्वप्नालीनं विचारलं.

"डावो."

"मगे हात थय कित्याक?"

संदेशनी हात मागे घेतला. "देवाक दोनदा इचारला," ते कुणालाच उद्देशून न म्हणता बोलले, "तर देव उत्तर देयना. आपलाच उत्तर आपणाक परत करता."

तांबोळी मॅडमनी हे वाक्य लिहून घेतलं. अकरा कार्यशाळांत त्यांना ते इतकं थोडक्यात जमलं नव्हतं.

साठ दिवसांनी काकींच्या कानाला यंत्र लावून 'टिंग' वाजवलं. उजव्या कानाला ऐकू आलं. डाव्याला नाही. नोंद तराजूत गेली.

दुसऱ्या सकाळी संदेश खोलीत आले तर पडद्यावर लिहिलं होतं: 'खाडीताप. सोडत बंद. आता माहीत आहे. उजवा.' थोड्या वेळानं तांबोळी मॅडमचा फोन आला.

"काका, नियमाप्रमाणे मला सांगायलाच हवं. ज्या नोंदीनं पारडं झुकलं, ती काकींची."

"म्हणजे मी दुसऱ्यांदा दाबला असता तर..."

"तर कदाचित त्यांचा कान वाचला असता. आणि पारडं झुकायला अंदाजे चार दिवस जास्त लागले असते. चार दिवसांत तीसेक माणसं डावीकडे जातात. त्यांतल्या तीन-चार जणांचे कान आता वाचतील."

"कोणाचे?"

"ते कधीच कळणार नाही, काका. त्यांनाही नाही. वाचलेल्या माणसाची नोंद होते, पण कशातून वाचला याची होत नाही."

फोन ठेवला तेव्हा दारात एक कोळीण तापानं फणफणलेल्या सुनेला घेऊन उभी होती. "गुरवकाका, कौल लावतास?"

"आज कौल नाय," संदेश म्हणाले. "आज ठावक असा." सुनेला आत डॉक्टरांकडे नेलं; खाडीतापच निघाला. अर्ध्या तासात तिचं पाच दिवसांचं सलाईन सुरू झालं होतं.

दुपारी ते घरी आले. स्वप्नाली व्हरांड्यात तांदूळ निवडत होती. ते तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, फोन, चार दिवस, तीन-चार कान. सांगून झाल्यावर लक्षात आलं की आपण डाव्या बाजूला बसलोय. ते उठले, वळसा घालून उजवीकडे बसले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

तिनं सूप खाली ठेवलं.

"त्या तिघाचौघांका म्हायती असा?"

"नाय. कोणाकच नाय."

"मी शोधतंय," ती म्हणाली. "हाक मारल्यार जो वळात, तो त्यातलो."

तेव्हापासून स्वप्नालीकाकी व्हरांड्यातून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारतात. माणूस थांबतो, वळतो, विचारतो, "काय गो काकी?"

"काय नाय," त्या म्हणतात. "जा तू."

आणि तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहतात.