मंगळावरची महाग ज्वारी

मंगळावरच्या नवेगावात राहणाऱ्या शर्वरीला एक कोडं पडलं होतं. सात महिने प्रवास करून आलेली पृथ्वीची ज्वारी गावच्या हरितगृहातल्या ज्वारीच्या निम्म्या दरात कशी? ज्वारीला तिकीट पडत नाही की काय?

हरितगृह सांभाळायची तिची कुमुदआत्या, कृषिशास्त्रज्ञ. आज ग्रामसभेत पृथ्वीशी व्यापार करार व्हायचा होता. ज्वारीवरचं आयात शुल्क (बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर) रद्द आणि हरितगृहाचं सवलतीचं पाणी बंद. म्हणजे हरितगृहच बंद.

"आत्या, त्यांची ज्वारी स्वस्त कशी गं?"

"तिथलं सरकार शेतकऱ्यांना अनुदान (सरकारी मदत) देतं."

"मग तुझं सवलतीचं पाणी?"

"करारात त्याला अन्याय म्हणतात."

सभेत पृथ्वीचा दूत असलेल्या यंत्रमानवाने स्वस्त भाकरीचे फायदे सांगितले. सगळे खरेच होते. सरपंच दगडूकाका म्हणाले, "करा हात वर. जेवायची वेळ झालीय."

शर्वरीने हात वर केला.

"पोरी, तुला मत नाही."

"मत नाही काका, प्रश्न आहे. पृथ्वीवर दुष्काळ पडला तर?"

यंत्रमानवाला खोटं बोलता येत नसे. त्या मॉडेलमध्ये ती सोय नव्हती. "कलम चाळीस. टंचाईत निर्यात (माल बाहेर पाठवणं) बंद."

"मग आम्ही काय खायचं?"

"तो विषय करारात नाही."

आत्या उठली. "पृथ्वीवर काही गरीब देशांनी हे भोगलंय. स्वस्त धान्य आलं, शेतं पडीक झाली. पुढे बाहेरचे भाव चढले, तेव्हा पेरणारे उरले नव्हते. इथली माती तर तीन महिने पाणी तोडलं की मरते. नवी करायला नऊ वर्षं."

"नऊ वर्षं उपास?" दगडूकाका दचकले. "मग घ्यायचीच नाही का त्यांची ज्वारी?"

"घ्या की! पण हरितगृहाचं पाणी चालू राहू दे, गावाचं कोठार भरलेलं असू दे आणि माल फार आला तर शुल्क वाढवायचा हक्क आपल्याकडे ठेवा. अन्नसुरक्षा म्हणजे आजची भाकरी आणि उद्याची खात्री."

यंत्रमानवाने दुरुस्ती पृथ्वीला कळवली. उत्तर यायला चाळीस मिनिटं लागली. सरपंचांनी ती उपाशी काढली. मुद्दा त्यांना पुरता पटला.

"मान्य," यंत्रमानव म्हणाला. "एक विनंतीही आहे. आमच्याकडे पाऊस कमी होतोय. तुमचं कमी पाण्यावर येणारं बियाणं विकत द्याल?"

सगळे आत्याकडे बघू लागले. उत्तर मात्र शर्वरीने दिलं.

"देऊ की. पण आधी आमच्या पेरणीपुरतं बाजूला काढून."