थांबण्याचा जोर

स्नायुविज्ञान प्रयोगशाळेतल्या स्टुलावर त्या सकाळी मातीचं मडकं ठेवलं होतं, आणि डॉ. शर्वाणी घाटगेला ते मुळीच पसंत नव्हतं.

"सेन्सेई, मीच उभी राहते की समोर. प्रयोगाला मंजुरी देणाऱ्या समितीला मडकं कसं दाखवू?"

"आधी मडकं," मारुतराव इंगवले म्हणाले. "ते कुंभारवाड्यात दुसरं मिळतंय. तू मिळत नाहीस."

अडुसष्टाव्या वर्षीही मारुतराव कोल्हापुरात कराटे शिकवत. शिष्य त्यांना जपानी रीतीने सेन्सेई, म्हणजे गुरुजी म्हणत. पूर्ण ताकदीने मारलेला ठोसा कातडीला टेकण्याआधी थांबवायचा, ही त्यांची खासियत. बाकीच्यांचा हात वीतभर अलीकडे थांबे, त्यांचा जवभर. चार दशकांत त्यांच्या हातून कुणाला ओरखडाही उठला नव्हता. असा माणूस विरळाच.

शर्वाणीच्या हातून मात्र उठला होता, आणि ओरखड्यावर भागलं नव्हतं. वर्षापूर्वी सरावात तिचा ठोसा थांबला नाही आणि नाझनीन मुल्लाचं, तिच्या जिवलग मैत्रिणीचं, खांद्याजवळचं हाड मोडलं. आपल्या अंगात आवेश फार, असा शिक्का शर्वाणीने स्वतःवर मारून घेतला. सराव सोडला, नाझनीनसमोर जाणं टाळलं, आणि आवेशाला आवर घालणारी पट्टी, आवेशलगाम, बनवली.

"हा बांधला की काय होतंय?" मारुतरावांनी दंडावरची पट्टी चाचपली.

"मेंदूकडून हाताच्या स्नायूंना किती जोराचा हुकूम येतोय ते ही मोजते. शून्य ते शंभर. सत्तरच्या वर गेला की क्षणभर हात ढिला पाडते. मग कुणाला इजाच होणार नाही."

"तपासलंस कशावर?"

"वाळूच्या पोत्यावर. आठ हजार ठोसे."

मारुतराव मिशीत हसले. "आधी नुसतं मोजायचं ठेव."

ते मडक्यासमोर उभे राहिले. प्रयोगशाळेच्या काचा थरथरतील अशी आरोळी उठली, ठोसा सुटला आणि मडक्यापाशी थांबला. मध्ये कागद जेमतेम सरकला असता. शर्वाणीने कितीदा तरी हे पाहिलं होतं, तरी तिचे डोळे भरून आले.

"आता तुझा लगाम चालू कर."

तीच आरोळी, तोच ठोसा. मडक्याच्या खापऱ्या भिंतीपर्यंत उडाल्या.

मारुतराव आपल्या मुठीकडे चकित होऊन पाहत राहिले. शर्वाणीने घाईने पडद्यावर आलेख ओढला. ठोसा निघाला तेव्हा आकडा होता चौसष्ट. मडक्याजवळ तो एकदम सत्त्याण्णववर चढला होता, पण सत्तर ओलांडताच लगामाने हात ढिला पाडला होता.

"सत्त्याण्णव मारण्याचा नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "थांबवण्याचा आहे. पुढे निघालेला हात मागे ओढायला उलटे स्नायू त्याहून जास्त जोर लावतात. मी तोच कापला. पोत्यावर मारताना थांबायचंच नसतं, म्हणून मला कळलं नाही."

"माझ्यापुढं तू उभी असतीस तर?" मारुतराव म्हणाले आणि खाली बसले.

वर्षभराची मेहनत खापऱ्यांबरोबर गेली होती. पण शर्वाणीच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. नाझनीनला लागलं त्या दिवशीही तिच्या दंडावर फक्त जोर मोजणारी पहिली पट्टी होती. ती नोंद उघडायचा धीर तिला कधी झाला नव्हता. तिने ती उघडली.

ठोसा निघताना एकोणचाळीस. थांबताना बावीस.

"मी तर जपून मारलं होतं, सेन्सेई. नाझनीनला लागू नये म्हणून."

"म्हणूनच लागलं पोरी. भिऊन अर्धा मारलेला हात अर्धाच थांबतोय. आवेश तुझ्यात जास्त नव्हता, कमी पडला."

वर्षभर छातीवर धोंड्यासारखा बाळगलेला समज उलटाच निघाला. शर्वाणी मनसोक्त रडली, मग तिने नाझनीनला फोन लावला.

नाझनीन तासाभरात आली. काही न विचारता ती शर्वाणीसमोर उभी राहिली आणि तिने तोच खांदा पुढे केला. शर्वाणीने पट्टीतला लगाम बंद केला, मोजणी तेवढी चालू ठेवली, पोटातून आरोळी दिली आणि पहिल्यांदाच काहीही हातचं न राखता ठोसा सोडला.

नाझनीनची ओढणी हलली. तिच्या खांद्याला मूठ लागली नव्हती.

"थांबताना अठ्ठ्याण्णव," मारुतरावांनी पडद्यावरून वाचलं. "माझ्याहून एक जास्त."