पाठीवरचे नऊ टाके

मोबाइल खिशात घाला आधी. तुमच्या पोर्टलवर रोज एक झपाटलेला बंगला छापता. पत्ता नाही, तारीख नाही, साक्षीदार नाही. असल्या बातम्या मी उपसंपादक म्हणून पस्तीस वर्षं वार्ताहरांच्या टेबलावर आपटून परत पाठवल्या. ही मात्र सांगतो, कारण माणूस घरातला आहे. माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. आणि जे तपासता आलं ते मी तपासलंय.

तो जुन्या बाहुल्या दुरुस्त करतो. खाली दुकान, वर घर. आम्ही सगळे त्याला सर्जन म्हणतो. तोही आत येणाऱ्याला सांगतो, हळू बोला, पेशंट झोपलेत. निखळलेले डोळे, तडकलेले चेहरे, कुत्र्यानं चावलेली बोटं, सगळं पहिल्यासारखं करून देतो. हात चांगला आहे, पण गर्व भारी. दुसऱ्याचं ओबडधोबड काम दिसलं की त्याला राहवत नाही.

मागच्या नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. सकाळी साठीच्या एक बाई आल्या. पिशवीतून त्यांनी बाहुली काढली. चिनी मातीचा चेहरा, कापडी अंग. एक हात सुटलेला, खांद्याच्या भोकातून कापूस बाहेर आलेला. बाई काही बोलेनात. त्यांनी चिठ्ठी पुढे केली : ‘मला बोलता येत नाही. सातव्या वर्षापासून. हात बसवून द्या. पाठीची शिवण उसवू नका.’ उद्या नेते, असं खुणेनं सांगून त्या गेल्या.

संध्याकाळपर्यंत हात बसला. काम तिथंच संपलं होतं. पण ह्यानं फ्रॉक वर करून पाठ बघितलीच. काळ्या दोऱ्याचे नऊ टाके, वेडेवाकडे, लहान पोरानं घातल्यासारखे. असलं काम माझ्या दुकानातून बाहेर जाऊ देऊ का, असं तो मला नंतर तोंड वर करून विचारत होता. लेखी सूचना होती, लेखी. आणि ह्यानं शिवण उसवली.

आत आवाजाची डबी निघाली. बाहुली आडवी केली की रडते ना, ती. रुमालात घट्ट गुंडाळलेली. ह्यानं रुमाल सोडला, डबी झटकून पुसली, आत बसवली, बाहुली आडवी केली. आवाज नाही. डबी गेलीय असं ठरवून त्यानं पाठ आपल्या बारीक, सुबक टाक्यांनी शिवली. बाहुली टेबलावर निजवून तो वर गेला.

त्याची बायको नर्स, तिची रात्रपाळी. घरात तो आणि सात वर्षांची लेक. ही पोर म्हणजे अखंड बडबड, आणि आवाज असा घोगरा की फोनवर ‘आतोबा’ म्हणाली तर वाटायचं हवालदारच बोलतोय. त्या रात्री ती त्याच्यासमोर बसून नकाशा रंगवत होती. नऊ वाजून वीस मिनिटांनी खालून हाक आली.

“बाबा.”

घोगरा आवाज. लेकीचा.

लेक तर समोर होती. तिनं मान वर केली. तोंड उघडलं. ओठ हलले... काहीच आलं नाही. पुन्हा हलले.

आणि खालून आलं, “बाबा, माझा आवाज येत नाहीये.”

तो जिना धडधडत उतरला. लेक मागोमाग. बाहुली टेबलावर बसली होती... त्यानं तिला निजवलं होतं. पाठीचे टाके सुटत होते. त्याचे सुबक टाके. एकेक करून. त्यानं शिवलं. सुटले. दुहेरी दोरा घेतला. सुटले. लेकीचे ओठ हलत होते... आणि बोलत होती बाहुली.

मग लेकीनं त्याच्या हातातून सुई घेतली. काळा दोरा ओवायला लावला. तिला शिवता येत नाही. एक टाका घातला, वेडावाकडा.

सुटला नाही.

दुसरा. तिसरा. आत कुणीतरी श्वास घेत होतं... सातवा. आठवा...

नववा.

शांत.

“बाबा, झालं,” लेक म्हणाली.

त्यानं तिला कवटाळलं. आवाज जरा बारीक वाटला. घाबरलीय, दुसरं काय, असं त्याला वाटलं.

सकाळी बाई आल्या. ह्यानं झाल्या प्रकारातला एक शब्द सांगितला नाही. लेक शाळेला निघाली होती. तिनं विचारलं, “आजी, ही तुमची का?”

बाईंनी काउंटर घट्ट धरलं. पुन्हा बोल, अशी खूण केली. पोर पुन्हा बोलली. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, बाहुलीच्या बसवलेल्या हाताखाली ठेवली, आणि बाहुली तिथंच टाकून निघून गेल्या. परत आल्या नाहीत.

लेकीच्या शाळेतल्या गाण्याचं जुनं रेकॉर्डिंग मी ऐकलंय, तोच घोगरा आवाज. परवा तिचा फोन आला, तेव्हा तिलाही ऐकलं. किणकिणता, गोड आवाज. “आतोबा, ओळखलंत का?” म्हणाली.

बाहुली सगळ्यात वरच्या फळीवर आहे. मेव्हणा रात्री-बेरात्री फोन करून मला एकच विचारतो, उसवू का? उसवून दोन्ही आवाज गेले तर...

चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. घ्या, दिव्याखाली धरा. अक्षर पहिल्या चिठ्ठीतलंच आहे, मी जुळवून बघितलंय.

‘हा माझा आवाज आहे. त्रेपन्न वर्षांनी ऐकला.’